आधी डोंगर, मग नाव

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ऑफिसच्या दारामागे जशा बिनमालकाच्या छत्र्या साठतात, तसेच तेही साठतात. आमचं ऑफिस हॅम्बर्गचं, त्यामुळे छत्र्यांना तोटा नाही. आणि हिने आल्यापासून किश्श्यांनाही नाही!

हिने न्यूझीलंडची, माओरी. आम्ही दोघी बंदरातल्या कंटेनरांचं वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर लिहितो आणि शेजारी-शेजारी बसतो.

तिचं नावच मुळी मराठी घराच्या मुळावर उठलेलं. माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. एकदा मी घरी केक घेऊन आले.

"कुणी दिला गं?"

"हिने."

सासूबाईंनी माझ्या मागे पाहिलं. मग दार उघडून जिन्यात पाहिलं. "हिने म्हणजे कुणी?"

"अहो आई, हिनेने!"

"तेच विचारतेय मी. कुणी?"

शेवटी माझी सात वर्षांची ईरा मध्ये पडली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. "ओमा, दी हाइस्ट हिने!" म्हणजे, आजी, तिचं नावच हिने आहे.

"मग तसं सांगावं ना," सासूबाई दार लावत म्हणाल्या. "मला वाटलं, इथल्या थंडीने हिला नसलेली माणसं दिसायला लागली!"

* * *

ती आली त्या पहिल्याच आठवड्यात मला पुण्याहून आईचा फोन आला. आवाज तुटत होता. मी फोनवर नुसती "काय? काय? अगं, काय?" करत होते. फोन ठेवून पाहते तर माझ्या कीबोर्डवर हिनेचं अर्धं सँडविच, एक केळं आणि एक उकडलेलं अंडं.

"हे काय?" माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं.

"हो ना, काय!" ती खूश होऊन म्हणाली.

माओरीत 'काय' म्हणजे जेवण. आणि आपल्या शेजारच्या माणसावर तीन-तीनदा जेवण मागायची वेळ यावी, ही तिच्याकडे शरमेची गोष्ट!

तेव्हापासून बारा वाजले की ती विचारते, "काय?" आणि मी म्हणते, "काय!" हळूहळू आमचा टीम लीड टॉर्स्टेनही शिकला. सव्वासहा फुटांचा जर्मन माणूस टेबलापाशी येतो, कमरेवर हात ठेवतो आणि म्हणतो, "काय?" इतकी वर्षं झाली, पण मला अजूनही वाटतं की पार्किंगवरून भांडायला आलाय.

* * *

टॉर्स्टेनबरोबर हिनेची पहिली मीटिंग. "नाव आणि काम. प्रत्येकी तीस सेकंद."

हिने उभी राहिली. आधी तिने डोंगराचं नाव सांगितलं. मग नदीचं. मग पूर्वज ज्या होडीतून समुद्र ओलांडून आले, त्या होडीचं. मग कुळाचं. टॉर्स्टेन घड्याळाकडे बघायला लागला.

"आणि... नाव?"

"येतंय, येतंय," हिने म्हणाली. "मी कुठली ते कळल्याशिवाय नाव घेऊन काय करणार?"

मला तर माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं. गाव कुठलं, कुणापैकी, हे विचारल्याशिवाय आमच्याकडे तरी चहा कुठे टाकतात? माझी पाळी आली तेव्हा मीही ठोकून दिलं, "डोंगर पर्वती, नदी मुठा!" टॉर्स्टेनही इरेला पेटला. पण तो पडला हॅम्बर्गचा. नदी एल्बे सांगून झाली आणि मग बिचारा अडकला. डोंगर आणायचा कुठून?

"माझ्या घराजवळ एक पूल आहे," तो शेवटी म्हणाला. "सायकलने चढताना दम लागतो."

* * *

त्याच मीटिंगचं शेपूट. कुळाला हिने 'हापू' म्हणाली होती. मी ऐकलं हापूस, आणि सोडून दिलं. टॉर्स्टेन सोडणाऱ्यातला नाही. त्याने रात्री शब्द शोधला. त्याला दोन अर्थ: एक कूळ, दुसरा गरोदर! त्याने दुसराच उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिनेच्या जागेवर नवी खुर्ची, पायाखाली घ्यायला पाट, आणि गरोदर बाईला कामाच्या जागी कोणकोणते धोके असतात याचा सहा पानी फॉर्म. टॉर्स्टेन भारावून उभा. "अभिनंदन! तुम्ही इतक्या मोकळेपणाने सगळ्यांसमोर सांगितलंत!"

हिनेने शांतपणे पहिला अर्थ समजावला. टॉर्स्टेन कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे तुमच्याकडे कुळाला आणि पोटुशीला एकच शब्द?"

"माणसं दुसरीकडून कुठून येणार?" हिने म्हणाली.

फॉर्म तिने परत केला. खुर्ची नाही केली.

* * *

टॉर्स्टेनला जेवणाच्या टेबलावर बसून बोलायची सवय. हिनेने एक दिवस सांगून टाकलं, "जिथे अन्न ठेवतो तिथे बूड टेकायचं नाही. तापू आहे."

"टाबू? हा तर जर्मन शब्द आहे!"

"तुम्ही आमच्याकडून नेलेला," हिने म्हणाली. "नेलात तसा पाळा तरी."

टॉर्स्टेन ताडकन उठला. मग अगदी गंभीरपणे त्याने विचारलं, "कितीपासून कितीपर्यंत?"

सोमवारी किचनमध्ये लॅमिनेट केलेली पाटी लागली: 'टेबलावर बसण्यास मनाई. कारण: तापू. वेळ: चोवीस तास, रविवार आणि सुट्टीचे दिवस धरून.'

* * *

होळीला हिने आमच्याकडे जेवायला आली. सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. हिनेकडे एक शब्द आहे, मनाकी. पाहुण्याला असं सांभाळायचं, असं खाऊ घालायचं, की त्याचा मान वाढेल. मानाला त्यांच्यात 'माना' म्हणतात. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "बघ! शब्दसुद्धा आपलाच!" आणि तिसरी पोळी वाढली.

आता गोची अशी, की यजमानाने आग्रह सोडायचा नाही ही सासूबाईंची रीत. आणि यजमानाचा हात मागे फिरवायचा नाही ही हिनेची. चौथी गेली. पाचवी गेली. सहाव्या पोळीला हिनेच्या कपाळावर घाम. सातवी वाढताना सासूबाईंनी हळूच पातेल्यात डोकावून पाहिलं, कारण पुरण संपलं होतं! कुणीच थांबेना.

"ममा," ईरा माझ्या कानात म्हणाली, "झी प्लात्स्ट ग्लाइश!" ती आता फुटणार!

मी दोघींच्या मधून ताट उचललं. त्या रात्री दोघींनीही मला उद्धट म्हटलं. आपापल्या भाषेत.

* * *

मागच्या नोव्हेंबरात एका सकाळी हिने कॉम्प्युटर न लावता नुसती बसून होती. "आई गेली," म्हणाली.

त्यांच्याकडे माणूस गेलं की तीन दिवस त्याला एकटं ठेवत नाहीत. सगळे भोवती राहतात, रडतात, गातात, त्याच्याशी बोलतात. संध्याकाळचं विमान मिळालं तरच ती पोहोचणार होती. मी तिच्याबरोबर एचआरमध्ये गेले.

तिथे फ्राऊ ब्रांट, म्हणजे ब्रांटबाई. निवृत्तीला आलेल्या. दुपारी जेवणाच्या वेळी म्हणायच्या 'माल्झाइट' या नमस्कारापलीकडे त्या कुणाशी बोललेल्या कुणाला आठवत नाहीत.

"आई वारल्यास रजा लगेच मिळते," त्या म्हणाल्या. मग स्क्रीनकडे पाहिलं. "पण तुमची आई मागच्या वर्षीच वारली आहे."

"ती दुसरी."

"तुम्हाला एकूण आया किती?"

"अकरा होत्या."

हिनेने सांगितलं, आमच्यात आईला आणि तिच्या बहिणींना हाक एकच. या आईने मला शाळेत घातलं, पोहायला शिकवलं. फ्राऊ ब्रांटनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसायला हवं होतं.

"आमच्यातही आहे," मी म्हणाले, आणि जर्मनमध्ये शब्दाला शब्द लावून सांगितलं, "माय मरो, पण मावशी उरो."

जर्मनमध्ये ते शापासारखं ऐकू आलं. फ्राऊ ब्रांटनी चष्मा काढला.

"विमान किती वाजता?"

"सव्वासहा."

"मग इथे काय करताय?" त्यांनी शिक्का मारला.

तीन आठवड्यांनी हिने परत आली. फ्राऊ ब्रांटना फायलीला पुरावा हवा होता. हिनेकडे कागद नव्हता, फोटो होता. दफनानंतरच्या जेवणाचा. लांबलचक टेबलं, शे-दीडशे माणसं, मांडीवर कुणाचीही मुलं.

"यातल्या आया कोणत्या?"

हिने बोट ठेवत गेली. ही सगळ्यांवर ओरडते. ही कार चालवताना गाते. हिला स्वतःचं मूल नाही, पण वाढवली सहा.

फ्राऊ ब्रांट बराच वेळ फोटो बघत राहिल्या. मग उठल्या, दार नीट लागलंय का ते पाहिलं, आणि परत येऊन बसल्या.

"आल्झो... तर," त्या हळूच म्हणाल्या, "एखाद्याला यात यायचं असेल, तर फॉर्म कुठला भरावा लागतो?"