पूर्ण न खेळलेला गेम

माझ्या ब्लॉगच्या माथ्यावर एक ओळ आहे: ‘इथे पूर्ण खेळल्याशिवाय एकाही गेमबद्दल लिहिलं जात नाही.’ अकरा वर्षांपूर्वी ती मी मोठ्या तोऱ्यात टाकली. ब्लॉग मराठीत आहे. विषय एकट्यादुकट्या माणसांनी घरी बसून बनवलेले छोटे गेम, त्यातही अ‍ॅडव्हेंचर गेम. त्यात मारामारी नसते. चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करायचं, सापडेल ते पिशवीत टाकायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि अडलेली वाट मोकळी करत गोष्ट पुढे न्यायची. यावर मराठीत वाचणारे किती असणार? नेहमीचे इनमिन तीस-चाळीस. त्या तीस-चाळिसांपुढे मी न्यायाधीश होऊन बसायचो.

ती ओळ मी एकदाच मोडली. ज्याच्या बाबतीत मोडली तो माझा सगळ्यात जुना मित्र होता, आणि त्याचा गेम त्यामुळे मेला. शब्द जड आहे हे कळतं, पण दुसरा सापडत नाही.

लालबागच्या चाळीत आमच्या खोल्या एकमेकींना लागून होत्या. माझी आई, त्याच्या तोंडी मावशी, पोस्टात नोकरीला. शाळेतून आल्यावर ती येईपर्यंत मी असाच, कुठेकुठे. बहुतेक त्याच्याकडेच. त्याची आई, म्हणजे काकी, मालवणकडची, दारातच पाट टाकून काही ना काही निवडत बसलेली असायची आणि तिचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं. मी आठवीत असताना माझ्या वडिलांनी जुना कॉम्प्युटर आणला आणि आम्ही दोघं त्यावर पहिला अ‍ॅडव्हेंचर गेम खेळलो. इंग्रजी अडलं की शब्दकोश. तो चित्रं बघायचा, मी उत्तरं शोधायचो. निदान माझी तशी समजूत होती. मी बारावीत असताना आम्ही दादरला ब्लॉकमध्ये राहायला गेलो, तो चाळीतच राहिला.

पुढे तो एका स्टुडिओत चित्रं काढायला लागला, मी परळच्या एका विमा कंपनीत चिकटलो. मी गेमवर लिहायला लागलो आणि त्याने गेम बनवायला घेतला. एकट्याने, नोकरी सांभाळून, पाच वर्षं. गेम आमच्या चाळीवर होता. दफ्तर पाठीला लावलेला एक मुलगा घरी येतो, एवढीच सुरुवात. विक्रीला ठेवायच्या महिनाभर आधी त्याने मला तो पाठवला आणि फोनवर म्हणाला, “आधी तू बघ. पण घरी खेळ हां, ऑफिसात नको.” मला ते चित्रकारांचं नखरेलपण वाटलं.

मी ऑफिसातच खेळलो, माझा लॅपटॉप नेऊन, जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हाताने खात. त्या वर्षी आईचं हृदय कमजोर झालं होतं. ती दिवसभर घरी पलंगावर टेकून असायची, आणि घरी गेलो की तिची औषधं, तिचं पथ्य, तिची न संपणारी चौकशी. घरी खेळायला निवांतपणा कुठला, हे मी स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण हे की घरी गेल्यावर तिच्याजवळ बसायचा मला कंटाळा यायचा. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

गेम सुंदर होता, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं, आणि ते मला खुपलं. मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कामावर शहाणपणा पाजळत होतो, आणि यानं गुपचूप हे उभं केलं होतं. जिन्याच्या कठड्याची गुळगुळीत झालेली मूठ होती, सार्वजनिक नळाखालची शेवाळलेली फरशी होती. मग ते दार आलं. मुलगा वर येतो, घराला कुलूप. पुढे जाता येईना.

मी पायपुसणं उचललं. कुंडी हलवली. मीटरच्या पेटीवर हात फिरवला. तार वाकवून कुलपात घातली, छत्रीची काडी घातली, साबणाच्या वडीवर खिळा दाबला. गच्चीवर गेलो, खाली दुकानदाराशी बोललो, पिशवीतली प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूवर घासून पाहिली. शेजारी दारात एक बाई जवळा निवडत बसली होती. तिच्यावर एकदा क्लिक केलं तर तिने ह्याचं लग्न नि त्याची बदली सुरू केली. मी ते बंद केलं आणि पुन्हा तिच्याकडे गेलो नाही. चार दुपारी अशा गेल्यावर मी ठरवलं की दार उघडतच नाही.

लेख मी घरी, आईच्या पलंगाशेजारच्या टेबलावर बसून लिहिला. तो अजून पाठ आहे. ‘चित्रं देखणी, पण गेम अर्धवट. एका बंद दाराशी येऊन सगळं थांबतं. दाराआड काहीच नाही. बनवणाऱ्याला पुढचं सुचलेलं नसावं. मित्र असला म्हणून काय झालं, खरं ते लिहिलंच पाहिजे.’ हे शेवटचं वाक्य लिहिताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. गेम विक्रीला आला त्या दिवशी सकाळीच मी लेख टाकला.

दुपारी त्याचा मेसेज आला. “पूर्ण खेळलास ना रे?”

मी लिहिलं, “हो. नियम आहे आपला.”

त्याने अंगठा पाठवला. त्या गेमचं नाव शोधलं की पहिला माझाच लेख दिसायचा, कारण दुसऱ्या कुणी काही लिहिलंच नव्हतं. ज्या दोघा-तिघांनी पुढे लिहिलं त्यांनी न खेळता माझंच उचललं. अर्धवट आहे म्हणे, पैसे घालवू नका. दीड महिन्याने त्याने गेम काढून टाकला. मला हळहळ वाटली, आणि सोबत थोडं बरंही वाटलं. माणूस किती हलका असू शकतो ते मला स्वतःकडूनच कळलेलं आहे.

सात-आठ महिन्यांनी आई गेली. तो दादरच्या स्मशानात शेवटपर्यंत थांबला, निघताना माझा दंड दाबला. त्यानंतर आमच्यात सणावारी शुभेच्छांचे फोटो तेवढे उरले.

यंदा मार्चमध्ये त्या जुन्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली. बाई अनोळखी होती, चिंचपोकळीला वाढलेली, आता परदेशात असते. तिने तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो गेम घेतला होता. राग वगैरे नव्हता, साधं लिहिलं होतं: ‘दार उघडतं की. चावी शेजारी मागायची. आमच्याकडे पण शेजारीच असायची.’

मी ते तीन-चार वेळा वाचलं. आमच्याकडेही शेजारीच असायची. आई पोस्टात जाताना चावी काकीकडे टाकून जायची, रोज, मी पहिलीत असल्यापासून बारावीपर्यंत. मी दफ्तर घेऊन वर यायचो आणि काकी न बघताच निवडणाच्या ताटाखालून चावी काढून पुढे करायची. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण माझ्या तर काखेतच काय, हातात दिलेला होता. बारा वर्षं दिलेला. मी कुलपात तार घालत बसलो.

जुना लॅपटॉप माळ्यावर होता. गेम त्यात तसाच होता, दारापाशी थांबलेला. रविवारी सकाळी मी घरी बसून तो सुरू केला. त्या बाईवर क्लिक केलं आणि यावेळी लग्न, बदली, पाण्याची बोंब, सगळं ऐकून घेतलं. ऐकून झालं की खाली ‘चावी आहे?’ असा आणखी एक प्रश्न उमटायचा, तो मी कधी पाहिलाच नव्हता. तो दाबला. ती म्हणाली, “माका इचारूक काय झाला तुका?” आणि ताटाखालून चावी काढून दिली.

दाराआड आमची खोली होती. आमची, त्यांची नव्हे. पोपटी भिंत, कॉम्प्युटरवर टाकलेला क्रोशाचा रुमाल, खिडकीला टांगलेली कांद्याची टोपली. आणि आई. बाहेर कुलूप असूनही आत, नुकतीच पोस्टातून आलेली, खांद्याची पर्स अजून काढलेली नाही. बांगडीत अडकवलेल्या दोन सेफ्टी पिनासुद्धा त्याने रंगवल्या होत्या. त्या मी विसरलो होतो. ती मुलाकडे मान वळवून म्हणते, “आलास? आधी हात-पाय धू.”

मी लॅपटॉप बंद केला नाही, पण बराच वेळ पुढे काही क्लिकही केलं नाही. काही केलं नाही की ती थोड्या थोड्या वेळाने पर्स सावरते आणि पुन्हा तेच विचारते. पुढचा गेम अडीच तासांचा आहे. सगळा त्याच खोलीत, तिच्याबरोबर. तो मी त्या दिवशी पूर्ण खेळलो आणि पूर्ण वेळ रडलो.

पुढच्या शनिवारी लालबागला गेलो. चाळीच्या जागी टॉवर झाला आहे, त्याचं घर चौदाव्या मजल्यावर. काकीला आता ऐकायला कमी येतं, म्हणून बोलतेही कमी. चहा ठेवून आत गेली. मी त्याला सगळं सांगितलं. खेळलो नव्हतो, खोटं बोललो, लेख आता बदललाय, वर माफी लिहिलीय. गेम परत विक्रीला ठेव, मी वाटेल ते करतो, असंही म्हणालो.

तो म्हणाला, मूळ फाइली ज्या हार्ड डिस्कवर होत्या ती चाळ पाडल्यावर राहायला दिलेल्या संक्रमण शिबिरातून इकडे येताना भंगारात गेली. त्याने स्वतःच टाकली. त्यानंतर दुसरा गेम केला नाही, चित्रंही आता फक्त नोकरीपुरती. चिडून बोलला असता तर मला काही बोलायला जागा मिळाली असती. तो नळ गळतोय हे सांगावं तसं सांगत होता. मी लॅपटॉप पुढे केला, निदान ही प्रत ठेव म्हटलं. तो म्हणाला, तुझ्याकडेच असू दे.

“मला का नाही सांगितलंस? एक ओळ लिहायची होतीस, चावी शेजारी आहे म्हणून.”

“मला वाटलं तुला आवडलं नसेल, मावशींना असं दाखवलेलं. म्हणून दार उघडत नाही असं लिहिलं असशील.” त्याने कपाची कड पुसली. “घरी खेळ म्हटलं होतं ना तुला. त्या बघतील म्हणून.”

मी लेख लिहीत होतो त्या संध्याकाळी आई उशीला टेकून माझ्याकडेच बघत होती. कसला रे गेम, ती म्हणाली, मला पण दाखव की जरा. मी मान वर न करता म्हणालो, तुला नाही कळायचं त्यातलं.