तिसऱ्या जागेवरचा माणूस

धोंडीराम शमुवेल आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होता. मेलेला प्राणी उकळून त्याची हाडं सुटी करायची, घासायची, उन्हात पांढरी करायची आणि तांब्याच्या तारेनं जोडून पुन्हा उभी करायची, हे त्याचं काम. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. प्राध्यापक मणका हातात घेऊन त्यालाच विचारत, "धोंडीराम, हा मानेचा की पाठीचा?"

मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि तिथल्याच ग्रंथालयात लागलो होतो. दुपारी आम्ही एकत्र डबा खायचो. तो तीस वर्षांचा, मी तेवीसचा. तरी आमचं अरे-तुरे होतं.

दिवसभर हाडं हाताळणारा हा माणूस उत्क्रांती मानत नव्हता. देवानं मातीचा माणूस केला आणि त्याच्या नाकात श्वास फुंकला, हे त्याच्या लेखी घडलेलं होतं. त्यांच्या चर्चचे पाद्री स्वतः म्हणत, सहा दिवस म्हणजे सहा युगंही असतील. धोंडीरामला तेही पटत नसे.

"अरे, माकडाचा हात आणि तुझा हात, हाडाला हाड जुळतं," मी म्हणायचो. "तूच तर जोडतोस."

"जुळतंय की. एका कुंभाराची मडकी सारखीच असत्यात. म्हणून काय घागर गाडग्याच्या पोटची झाली?"

मी हसून विषय बदलायचो.

१९७४ च्या डिसेंबरात कॉलेजात विज्ञान प्रदर्शन ठरलं. त्यासाठी धोंडीरामनं दोन महिने खपून माकडाचा सांगाडा उभा केला. खाली पुठ्ठ्यावर धोंडीरामचं नाव लावायचं प्राध्यापकांनी कबूल केलं. त्याची आई गोजरबाई कधी कॉलेजच्या फाटकातून आत आली नव्हती. तिला आणायचं आणि ते नाव दाखवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"आईला वाचता येत न्हाय. मी वाचून दावीन," तो म्हणाला.

माझं अक्षर चांगलं म्हणून भिंतीवरचा तक्ता माझ्याकडे आला. माकडापासून माणसापर्यंत पाच आकृत्या. मापासाठी मी धोंडीरामला कागदाला टेकून उभं केलं आणि कोळशानं त्याची कड काढली.

"हलू नको."

"हलतोय कुटं? माणूस म्हणूनच काढतोयस न्हवं?"

"मग काय म्हणून?"

तेव्हा मी खरं बोलत होतो. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातला चनबसप्पा ती आकृती बघून म्हणाला, "उत्क्रांती न मानणाऱ्यालाच उत्क्रांतीत घाल की लेका!" सगळे हसले. मी आकृतीचं कपाळ दडपलं, हात गुडघ्यांपर्यंत ओढले, अंगावर केस काढले. धोंडीरामचा डावा खांदा उतरता होता. तो तसाच ठेवला. ओळखू यायला हवं होतं. आकृती तिसऱ्या जागी चिकटवली आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं, आदिमानव. पाचव्या जागेसाठी मी स्वतः उभा राहिलो.

प्रदर्शनाच्या सकाळी गोजरबाई नवं लुगडं नेसून आली. सांगाडा आतल्या खोलीत होता. तक्ता दाराशीच होता. ती तिथंच थांबली.

"धोंडू, ह्यो तू न्हवं रं?"

"न्हाय आई, ते चित्र हाय," धोंडीराम हसत म्हणाला. मग त्यानं खांदा पाहिला. मग खालचं वाचलं.

"काय लिवलंय?"

मागून एक विद्यार्थी मोठ्यानं म्हणाला, "आदिमानव, मावशी! निम्मं माकड!"

गोजरबाई रडली नाही, चिडली नाही. तिनं हळू आवाजात मुलाला विचारलं, "परत नावं लिवून घ्यायला लागली का रं?"

मला अर्थ कळला नाही. धोंडीरामनं तिचा हात धरला आणि दोघं फाटकाबाहेर गेली. आतल्या खोलीपर्यंत ती पोचलीच नाही.

मी तक्ता उतरवला. रविवारी त्याच्या घरी गेलो. तेव्हा त्यानं सांगितलं. तो सेटलमेंटमध्ये जन्मला होता, तारेच्या कुंपणात. इंग्रज सरकारनं त्याची सगळी जातच जन्मजात चोर म्हणून नोंदवली होती. रजिस्टरात नावं, बोटांचे ठसे, रोजची हजेरी. तो पाच वर्षांचा असताना कुंपण निघालं.

"सेटलमेंटचा साहेब म्हणायचा, ह्यांच्या रक्तातच हाय. आमी कुणापास्नं झालो ते रजिस्टरात लिवलेलं. मग पाद्रीबाबा म्हणाले, देवानं सोताच्या हातानं केलं, सोतासारखं केलं. आईनं ते धरलं. ते सोडलं, तर मागं रजिस्टरच उरतंय की."

मी वर्षभर त्याच्याशी वाद घातला होता. का मानत नाहीस, हे मनापासून एकदाही विचारलं नव्हतं.

"चुकलो," मी म्हणालो.

"तू मानतोस न्हवं, उत्क्रांती?"

"मानतो."

"मान की. मी कुटं ना म्हणतोय? पण मला तिसऱ्या जागी उभं केलं, ते शास्त्रानं केलं?"

"नाही. मी केलं."

त्यानं मान हलवली. गोजरबाई आतल्या दाराशी येऊन उभी होती. माझ्याकडे न बघता तिनं मुलाला विचारलं, "साहेबास्नी च्या ठिवू का?"

मी धोंडीरामकडे पाहिलं. साहेब कुठला, माझा दोस्त आहे, असं तो म्हणेल, म्हणून थांबलो.

"ठिव," तो म्हणाला.