अण्णांची अणुभट्टी

"मॅडम, एमआयडीसीतले अण्णा अणुभट्टी मागतायत. जाऊन या," साहेब फोनवर म्हणाले.

"बरोबर घेऊन जाऊ, की तशीच जाऊ?"

साहेबांनी फोन ठेवला.

मी वीज वितरणात इंजिनिअर आहे. राजेशमअण्णांचा सोलापुरात टॉवेलचा कारखाना आहे, आणि आसपासच्या कारखानदारांचं पुढारपणही त्यांच्याकडेच. तक्रार खरी होती. फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून त्यांच्या भागाला येणारी लाईन, सारखी ट्रिप होऊन बंद पडत होती. लूम मध्येच थांबला की टॉवेलवर आडवा पट्टा उमटतो. बाहेरच्या बायरने एक लॉट परत पाठवला होता. पुढचाही तसाच निघाला तर ऑर्डर हातची जाणार होती.

अण्णांनी गेल्या गेल्या मोबाईल पुढे केला. "व्हिडिओ बघा की. छोटी अणुभट्टी! फॅक्टरीत बनवायची, ट्रकवरून आणायची, हितं जोडायची. मागच्या प्लॉटवर जागा हाय."

"त्या प्लॉटवर तुमच्या डाईंगचं पाणी साचलंय, अण्णा."

"उपसतो की!"

"अहो, भट्टी मागच्या प्लॉटवर बसवली तरी तिची वीज आधी सबस्टेशनला जाणार आणि तुमच्याकडे याच तारेतून येणार. तार ट्रिप झाल्यावर भट्टी काय करील?"

तेवढ्यात लाईट गेली. शेड गप्प झालं. कामगारांनी निवांत तंबाखू मळायला घेतली. थोड्या वेळाने सबस्टेशनच्या ऑपरेटरने फीडर चालू केला. सगळे लूम एकदम धडधडले आणि लाईट पुन्हा गेली. दुसऱ्यांदाही तेच.

पण जागचं कुणीच उठलं नव्हतं. लाईट गेली की मोटरचा स्टार्टर आपोआप सुटतो. हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. मी जवळच्या स्टार्टरवर टॉर्च मारला. हिरवं बटण आत दाबून वरून सुतानं करकचून बांधलेलं! शेजारचंही तसंच.

"हे कुणाचं डोकं?"

"समद्यांचंच," लूम चालवणारे लिंबाजी म्हणाले. "दर टायमाला कोण हिंडणार बटणं दाबत? टॉवेलावर मजुरी हाय आमची. शेजारी बी आसंच करत्यात."

"आणि लूममध्ये हात असताना लाईट आली तर?"

लिंबाजींनी हात मागे घेतला.

सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. सगळ्या मोटरी एकदम सुटल्या की लाईनवर फॉल्ट आला असं समजून फीडर ट्रिप होतो. पहिल्यांदा एखादी फांदी घासली असेल. पुढच्या सगळ्या ट्रिप सुताच्या.

"अण्णा, एवढी छोटी भट्टी थेट तुम्हा लोकांनाच जोडली असती, तर तीही बंद पडली असती. आणि ती बटण दाबून लगेच सुरू होत नाही."

"तिचं बटण बी बांधलं असतं यांनी," अण्णा पुटपुटले आणि कात्री मागवली. स्वतः स्कूटरवरून शेजारच्या शेडमध्ये ओरडून आले. सगळीकडची सुतं कापल्यावर मी ऑपरेटरला फोन केला, "द्या."

लाईट आली. लूम गप्पच. मग एकेक ओळ सुरू केली. फीडर टिकला.

तेव्हापासून तशीच पद्धत पडली. पुढचा लॉट पास झाला. अण्णांनी ऑफिसात टॉवेल पाठवले.

"अणुभट्टीचं काय झालं?" साहेबांनी तोंड पुसत विचारलं.

"कात्रीवर भागलं."

छोट्या अणुभट्ट्यांना माझा विरोध नाही. सोलापुरात आली तर लाईन मीच जोडून देईन. फक्त आदल्या दिवशी कात्री घेऊन सगळ्या शेडमधून एक चक्कर मारीन.