आत्याचे जर्मन चेहरे

अल्बम उघडा असेपर्यंत आत्या पंखा लावू द्यायची नाही. ग्वाल्हेरचा मे महिना, बाहेर लूच्या गरम झळा, आणि आम्ही दोघं घामाने निथळत बसलेलो. घामाचा थेंब पोस्टाच्या तिकिटावर पडेल म्हणून ती कपाळाला रुमाल बांधायची आणि दर दोन मिनिटांनी मला विचारायची, हात धुतलेस ना, नीट पुसलेस ना.

आतोबा बिर्लानगरच्या मिलमध्ये फिटर होते. तिथली काही यंत्रं जर्मनीची. तिकडून पत्रं आली की रिकामी पाकिटं ते घरी आणायचे. पुढे मिल बंद पडली, आतोबाही गेले, पण आत्याचा नाद सुटला नाही. नई सडकेवरच्या एका दुकानातून ती जुन्या तिकिटांची पुडकी आणायची. तिकीट जर्मन हवं आणि त्यावर इतिहासातला माणूस हवा. फुलं, पूल, किल्ले ती वाटून टाकायची.

प्रत्येक तिकिटाखाली ती पेन्सिलीने लिहायची. नाव नाही, काम. ‘ऐकू येत नसताना संगीत रचलं.’ ‘खिळे जुळवून पुस्तकं छापली.’

“नाव सगळ्यांनाच असतं रे,” ती म्हणायची, “केलं काय ते सांग.”

एकदा एका पुडक्यात जर्मनीच्या त्या हुकूमशहाचं तिकीट निघालं. आत्याला ते फेकवेना आणि लावावंसंही वाटेना. दोन दिवस ती त्याच घोरात होती. शेवटी वेगळ्या पाकिटात घालून तिने ते अल्बमच्या मागे ठेवलं. मला म्हणाली, चेहरा छान छापलाय, त्याचीच भीती वाटते.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. ती चहा टाकायला उठली तेवढ्यात मी त्या तिकिटाचा फोटो काढला आणि स्टेटसला लावला. ‘क्या रौब है भाई,’ मित्रांनी लिहिलं. मला बरं वाटलं. माझ्या ताईने ते पाहिलं आणि आत्याला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या दारात उभी. जो अल्बम तिने कधी घराबाहेर काढला नव्हता, तो टॉवेलात गुंडाळून, भरलेल्या टेंपोत छातीशी धरून आणला होता. मला वाटलं, आता रागावेल. तिने नुसतं एक पान उघडलं. आखूड केसांची एक तरुण मुलगी होती.

“तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. कॉलेजात त्याच्याविरुद्ध पत्रकं वाटली, म्हणून त्याच्या लोकांनी हिची मान कापली.”

मी फोटो काढून टाकला. किती जणांनी पाहिला, तिने विचारलं. त्र्याहत्तर, मी म्हणालो.

“मग त्या त्र्याहत्तर जणांना आता कोण सांगणार?”

मी त्या मुलीचं तिकीट स्टेटसला लावलं, तिने केलं ते खाली लिहिलं. बारा जणांनी पाहिलं. आत्याला ते पुरेना. पुढे कधीही फोन केला की तिचा पहिला प्रश्न तोच, अजून कोणाला सांगितलंस का? कंटाळून मी कधी कधी खोटंच हो म्हणायचो. त्यावर ती लगेच फोन ठेवायची. तिला कळत असावं.

गेल्या थंडीत आत्या गेली, अल्बम माझ्याकडे आला. परवा महाराज बाड्याच्या चौकात कॉलेजातला एक मित्र भेटला. माझा नवा नंबर घ्यायला त्याने फोन काढला, तर पडद्यावर त्या हुकूमशहाचाच चेहरा. “अरे, तेरे ही स्टेटस से तो लिया था,” तो हसून म्हणाला. भर गर्दीत मी त्याला त्या मुलीबद्दल सांगायला लागलो. अर्ध्यावर त्याला फोन आला आणि तो, बाद में बताना, म्हणून निघाला.

मी त्याला थांबवून त्याच्या घराचा पत्ता लिहून घेतला. रविवारी अल्बम घेऊन जाणार आहे. तो काय म्हणेल, ठाऊक नाही.