अक्काकडे सादर

जगात जे जे म्हणून पडद्यावर हलतं, ते ते आपल्या मंजुरीसाठी आलेलं आहे, अशी माझ्या आत्तेबहिणीची प्रामाणिक समजूत आहे. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. अक्का एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागली आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाली. मधल्या काळात तिच्या टेबलावरून गेलेल्या एकाही कागदाला तिनं नुसतं जाऊ दिलं नाही; दोन शब्दांचा का होईना, शेरा मारलाच. निवृत्तीनंतर कागद यायचे थांबले, पण शेरे थांबेनात. पहिले काही महिने ते आम्हा नातेवाइकांवर पडले. माझ्या बायकोच्या अळूवडीवर 'त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावे' असा शेरा पडला, तेव्हापासून आमच्या घरी अळू आलेला नाही. शेवटी सगळ्या भावंडांनी मिळून विश्रांतवाडीच्या तिच्या फ्लॅटमध्ये भिंतभर टीव्ही लावून दिला आणि त्यात मिळतील तेवढी ॲप घालून दिली. हे आमचं प्रेम आहे असं तिला वाटतं. तसं तिला वाटू द्यायला काहीच हरकत नाही.

अक्का टीव्ही बघत नाही, टीव्हीचं काम निकाली काढते. सकाळी अंघोळ, वंदना आटोपून, इस्त्रीची साडी नेसून, हाताला घड्याळ बांधून ती बरोबर कार्यालयाच्या वेळेला हॉलमध्ये येते. सोफ्यावर बसत नाही. सोफ्यावर बसलं की माणूस गुण जास्त देतो असं तिचं मत आहे. लाकडी खुर्चीत ताठ बसते आणि रिमोट असा उचलते की समोरचा टीव्हीसुद्धा जरा सावरून उभा राहिल्यासारखा वाटतो. दीड वाजता जेवणाची सुट्टी. स्वतःच्याच घरात, स्वयंपाकघर सात पावलांवर असताना, ही बाई सकाळी डबा भरून टीव्हीशेजारी ठेवते. एकदा मी तिच्याकडे गेलो तेव्हा आठ भागांची एक रहस्यमालिका शेवटाला आली होती. इन्स्पेक्टरनं सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात गोळा केलेलं, त्यानं बोट उचललं, खुनी तोंड उघडणार, एवढ्यात दीड वाजला. अक्कानं चित्र थांबवलं आणि डबा उघडला. तो खुनी अर्धा तास तोंड उघडं ठेवून आमच्याकडे आणि शेपूच्या भाजीकडे आळीपाळीनं बघत होता. मी म्हटलं, "अगं अक्का, एका मिनिटाचा प्रश्न आहे. त्याला बोलून घेऊ दे."

"सकाळपासून वेळ दिला होता त्याला," अक्का म्हणाली, "तेव्हा काय करत होता?"

विनोदी मालिकांच्या बाबतीत तर तिची पद्धत फारच जीवघेणी आहे. ती हसत नाही. हसू येत नाही असं नाही, पण चौकशी पूर्ण झाल्याशिवाय हसणं तिला योग्य वाटत नाही. एखादा विनोद पसंत नसेल तर ती "नामंजूर" म्हणून पुढे जाते, ते परवडलं. पण एखाद्या विनोदावर "चर्चा करावी" असा शेरा आला की जवळ बसलेल्या माणसाची धडगत नसते. सरकारी भाषेत 'चर्चा करावी' म्हणजे साहेबांना कळलेलं नाही, पण तसं लिहिता येत नाही. मग रिमोट खाली ठेवला जातो आणि विनोद समजावून देण्याची जबाबदारी आपल्यावर येते. नवरा बायकोच्या वाढदिवसाचा केक चुकून सासूच्या श्राद्धाला पाठवतो, असा एक प्रसंग मी तिला एकदा समजावून दिला. अगदी दुकानदारापासून सुरुवात करून. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "केक परत कसा मागवला नाही कुणी? पत्ता चुकला तर फोन येतो की." त्यानंतर माझ्यासाठीही तो विनोद राहिला नाही. आता तर त्या नटाचा चेहरा दिसला तरी मला पत्ता आठवतो.

गंभीर नाटकांत आणि कौटुंबिक मालिकांत लोक रडतात, तेव्हा अक्का त्या रडण्यामागची कारणं तपासते. तीन भावांनी वडिलोपार्जित जमिनीवरून एकमेकांचं आयुष्य नासवल्याची एक फार गाजलेली मालिका होती. माझी बायको ती बघून आठवडाभर सुस्कारे टाकत होती. अक्कानं ती दोन दिवसांत संपवली आणि फोनवर एवढंच म्हणाली, "बाप गेल्यावर वारसनोंद वेळेत केली असती तर पहिल्या भागात मिटलं असतं. दप्तरी दाखल." दुसऱ्या एका प्रेमकथेत नायक भर मीटिंगमधून उठून विमानतळाकडे धावत सुटतो, त्यावर तिचा आक्षेप प्रेमाला नव्हता, रजेच्या अर्जाला होता. लोक म्हणतात अक्काला हृदय नाही. हे खरं नाही. तिला हृदय आहे, पण ते योग्य मार्गानं सादर झालेल्या दुःखालाच दाद देतं.

माहितीपट मात्र तिला मनापासून आवडतात. त्यात कुणी अभिनय करत नाही, आणि प्राण्यांना सेवाशर्ती बरोबर कळतात असं तिचं निरीक्षण आहे. बर्फातले पेंग्विन बघताना, आई समुद्राकडे निघून जाते आणि बाप पायावर अंडं घेऊन उभा राहतो, तिथे ती हळहळली होती. "बदली झाली की घराचं असंच होतं," म्हणाली. सिंहांच्या माहितीपटानंतर तर ती दिवसभर धुमसत होती. "दिवसभर झोपतो. शिकार बायका करतात. आणि दारावर पाटी कुणाची, तर ह्याची." त्यानंतर मी चहाचा कप स्वतः विसळून ठेवला. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या माशांवरचा माहितीपट हा तिचा सगळ्यात आवडता. तिथे उजेड नाही, वरिष्ठ नाहीत, कुणी बघायला येत नाही, तरी जो तो आपापलं काम करतोय, याचं तिला फार अप्रूप. "आमच्याकडे तिन्ही गोष्टी होत्या," ती म्हणाली.

अशा ह्या अक्काची कीर्ती विश्रांतवाडीत पसरायला वेळ लागला नाही. रविवारी विहारातून बाहेर पडताना बायका तिला घेरतात आणि "अक्का, आता काय बघू?" म्हणून विचारतात. अक्का चपला घालता घालता एकेका मालिकेचा निकाल लावते, आणि बायका घरी जाऊन नेमकं जे नामंजूर झालंय तेच बघतात. तेच सगळ्यात चांगलं असतं, हे त्यांनी आपसात ओळखलेलं आहे. अक्काला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. पुण्यात एवढी दयाबुद्धी क्वचित पाहायला मिळते.

फक्त एक मालिका अक्कानं बघितली नव्हती. तिच्यात तिचा मुलगा होता.

हा आमचा भाचा. एकुलता एक, हुशार. स्पर्धापरीक्षेच्या दोन्ही पायऱ्या चढून तो मुलाखतीपर्यंत पोचला आणि मुलाखतीच्या आठवड्यात एका नाटकाबरोबर दौऱ्यावर निघून गेला. आमच्या घराण्यात हे साधं नव्हतं. अक्काच्या वडिलांनी कारखान्यात उभ्यानं आयुष्य काढलं. बसून करायची नोकरी घरात पहिल्यांदा आणली ती अक्कानं. मुलगा त्याहून मोठ्या खुर्चीत बसेल, एवढीच तिची इच्छा होती, आणि त्यानं खुर्चीच नको म्हटलं. भांडण झालं नाही. अक्का भांडत नाही. तिनं त्याच्याशी बोलणं थांबवलं आणि तो मुंबईला खोली घेऊन राहायला गेला. तेव्हापासून दोघांमधलं आवकजावक खातं माझ्याकडे होतं. "त्याला सांग, लाइट बिलावर त्याचं नाव आहे ते बदलायचंय." "मामा, आईला सांग, बिल मी भरलंय." असा सगळा व्यवहार.

त्याची मालिका आली तेव्हा ती सगळ्या महाराष्ट्रानं बघितली. अक्काला विचारलं की ती म्हणायची, "नात्यातल्या माणसाच्या प्रकरणावर आपण शेरा मारायचा नसतो. नियम आहे." नियमाचं पांघरूण तिला कुठेही पुरायचं. पण खरं सांगायचं तर ती बघत नव्हती याचं आम्हालाही बरंच वाटत होतं. कारण ती मालिका विनोदी होती, एका सरकारी कार्यालयात घडत होती, आमचा भाचा तिच्यात अधीक्षक झाला होता, आणि तो अधीक्षक म्हणजे मिशा लावलेली अक्का होती. तीच ताठ मान, तोच नकार देण्याआधीचा "हं", तोच दीड वाजताचा डबा. पहिला भाग बघताना माझी बायको हसून हसून रडली आणि मग तिनं टीव्ही बंद केला. "अक्कांनी हे बघितलं ना," ती म्हणाली, "तर ह्या मुलाला आईचं घर कायमचं बंद." भाच्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "माहितीये मामा. पण लोक कितीही हसू देत, तिनं बघितल्याशिवाय मला काही केल्यासारखंच वाटत नाही." त्याचा दर दोन दिवसांनी फोन यायचा. बघितलं का? नाही. बरं झालं. एवढं म्हणून तो फोन ठेवायचा, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच विचारायचा.

गेल्या हिवाळ्यात अक्काच्या फ्लॅटचं रंगकाम काढलं आणि ती चार दिवसांसाठी आमच्याकडे धायरीला आली. तिसऱ्या दिवशी दुपारी बायको बाहेर गेली होती, मी आतल्या खोलीत आडवा झालो होतो. जाग आली ती भाच्याच्या आवाजानं. क्षणभर मला वाटलं तो घरीच आलाय. उठून हॉलच्या दारात आलो, तर टीव्हीवर तो आणि समोर लाकडी खुर्चीत अक्का. रिमोट तिच्या हातात होता. मला बघून म्हणाली, "आपोआप लागलं."

चौथा भाग आपोआप लागायला आधीचे तीन लागावे लागतात, हे मी बोललो नाही. दाराशी तसाच उभा राहिलो. पडद्यावर तो एका म्हाताऱ्या अर्जदाराला परत पाठवत होता आणि मागे हशा पिकत होता. एरवी मी ह्या प्रसंगाला लोळतो. त्या दिवशी मी अक्काकडे बघत होतो. अक्काचा चेहरा दिसत नव्हता, नुसती मान दिसत होती, आणि पडद्यावर तीच मान.

भाग संपला. मी धीर करून म्हटलं, "अक्का, विनोदी मालिका आहे. त्यात काही मनाला लावून..."

"मी शिपायाला अरे म्हणत नव्हते," अक्का म्हणाली. "अहो म्हणायचे. हे त्यानं चुकीचं दाखवलंय."

"हो."

"आणि म्हाताऱ्या माणसाला उभं नाही ठेवायचे. आधी बसवायचे, मग परत पाठवायचे."

"हो अक्का."

मग तिनं चित्र मागे नेलं. अर्जदार निघून गेल्यावर अधीक्षक एकटाच असतो आणि लाल कापडात फायलींचं गाठोडं बांधतो, अशी तिथे एक बारीकशी जागा आहे. तिथे कुणी हसत नाही. मी तर ती कधी नीट बघितलीही नव्हती. अक्कानं तिथे चित्र थांबवलं. "ही गाठ बघ," ती म्हणाली. "एक टोक मोकळं ठेवायचं, म्हणजे पुढच्या माणसाला ओढलं की सुटते. मला कुणी शिकवली नव्हती. माझी मीच बसवली होती."

तिनं रिमोट खाली ठेवला.

"शाळा सुटली की माझ्या टेबलाशेजारी येऊन बसायचा. घरी कोण होतं सांभाळायला? पाच वाजेपर्यंत मान खाली घालून गृहपाठ. वर म्हणून बघायचा नाही. मला वाटायचं, पोराला वीट आलाय ह्या जागेचा, आपल्यामुळं अडकलंय इथे." तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पडद्यावरचे हात अजून गाठीवर थांबलेले होते. "म्हणजे बघत होता."

तिनं आपला फोन उचलला. मग म्हणाली, "त्याचा नंबर तोच आहे का रे?"

"तोच आहे."

ती फोन घेऊन गॅलरीत गेली आणि जाताना काचेचं दार ओढून घेतलं. दोघांचा पहिला शब्द काय झाला, कोण आधी बोललं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. काचेतून फक्त अक्का दिसत होती. फोन तिनं कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला होता, मान वाकडी झाली होती, आणि दोन्ही हातांनी ती हवेत, त्याला काहीही दिसत नसताना, सावकाश एक गाठ बांधून दाखवत होती.