घड्याळावरची चंद्रकोर

धर्मपाल बनसोड्यांना ऐकायला कमी येतं, याचं अक्कलकोट रोडच्या त्या टॉवेल कारखान्यात कुणालाच नवल नव्हतं. तीस वर्षं मागावर काढून ज्याचे कान शाबूत राहिले, त्यानं काम तरी काय केलं, असं तिथं हसून म्हणतात. यंत्रमागांच्या खडखडाटात सगळा कारभार हातवाऱ्यांचा. धागा तुटला, चहा आला, मालक आले, प्रत्येकाची खूण ठरलेली.

पण घरी एकट्या असणाऱ्या बायकोची, येसूबाईंची, खूण मागांच्या शेडपर्यंत कशी पोचावी? त्या इन्सुलिनवर. साखर एकाएकी उतरली की हातपाय लटपटतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, चार पावलांवरचं स्वयंपाकघरही लांब वाटतं. नवऱ्याला फोन तेवढा लावता येतो, आणि तो नवऱ्याला ऐकू येत नाही. म्हणून त्यांची लेक साक्षी चौदा एप्रिलला पुण्याहून येताना स्मार्टवॉच घेऊन आली.

"पप्पा, आईचा फोन आला की मनगटावर थरथरंल बघा."

आणि थरथरलं की! दोन महिन्यांत दोनदा. दोन्ही वेळा शेजारच्या मागावरच्या निंगप्पाला खूण करून धर्मपाल सायकलनं दहा मिनिटांत घरी पोचले, साखरपाणी पाजलं. तिसऱ्या वेळेचा भरवसा वाटायला एवढं पुरेसं होतं.

मग आडवा आला तो रविवार. विहारात वंदना सुरू असताना मागं एकदा कुणाचा तरी फोन लावणीच्या सुरात वाजला होता. तेव्हापासून दारात उभं राहून सगळ्यांचे फोन गप्प करायचं काम धर्मपालांकडं आलं. दुसऱ्याला सांगायचं तर आधी आपला. ते फोनवरच्या 'व्यत्यय आणू नका' या ओळीवर बोट ठेवत. फोनवर चंद्रकोर उगवे, आणि लगोलग घड्याळावरही. वंदना संपली की फोनवरची मावळे. घड्याळावरची मात्र ठाण मांडून बसे, आणि ती असेपर्यंत घड्याळ थरथरत नसे. ती काढायला जावं, तर फोनवर पुन्हा उगवे. एकीला घालवावं तर दुसरी हजर. या खेळात त्यांची अख्खी दुपार जाई.

साक्षीला फोन केला, तर ती तिकडून सांगणार आणि हे इकडून "आं? काय?" करणार. शेवटी तिनं चित्रं पाठवली, बाण काढून. तसलं बटण धर्मपालांच्या फोनात नव्हतंच. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच पानावर सापडलं. फोन आणि घड्याळाची सेटिंग एकसारखी ठेवायचं ते बटण त्यांनी बंद केलं आणि लढाई जिंकल्यागत चहा मागितला. आठवड्यानं घड्याळानं आपलं आपण काहीतरी नवीन भरून घेतलं आणि त्यांच्या नकळत बटण परत चालू. याला स्मार्ट म्हणतात! मालकानं बंद केलेला माग कधी आपणहून सुरू झालेला धर्मपालांनी पाहिला नव्हता.

पुढच्याच सोमवारी सकाळी निघताना त्यांनी फोन आणि घड्याळ दोन्ही नीट बघितलं. चंद्रकोर कुठंच नव्हती. शेडमध्ये फोन डब्याच्या पिशवीत, खिळ्याला. कधीतरी दहाच्या सुमाराला फोन आणि घड्याळ आपसात काय बोलले कोण जाणे, रविवारचा हुकूम घड्याळाला सोमवारी पोचला. धर्मपाल चार माग सांभाळत होते. मनगटाकडं बघायला सवड कुठली, आणि बघायचं कशाला? थरथरेल की.

जेवणाच्या सुट्टीत डबा काढताना फोन हाताला लागला. येसूबाईंचे अकरा कॉल. घड्याळावर चंद्रकोर.

सायकल कशी हाणली ते त्यांना आठवत नाही. येसूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, घामानं पातळ ओलं. शेजारच्या फुलाबाई जोंधळे मागायला आल्या म्हणून बरं, त्यांनीच साखर तोंडात घातली होती. धर्मपाल तिथंच उंबऱ्यावर बसले.

"थरथरलंच न्हाय गं. आईशप्पत न्हाय."

"मी कुटं काय म्हनाले?"

धर्मपालांनी चंद्रकोर काढली आणि बायकोचा फोन तिच्या हातात दिला. "लाव बघू." तिनं लावला. घड्याळ थरथरलं. त्यांनी हात उंच धरला. "बघ, चालतंय की!"

"हितं चालून काय उपेग?" येसूबाई म्हणाल्या. "हितं तुमी हाईतच की."

साक्षीनं संध्याकाळी पुन्हा चित्रं पाठवली, त्यांनी पुन्हा बटण बंद केलं. किती दिवस बंद राहील, ते तिलाही सांगता आलं नाही.

मंगळवारी सकाळी डबा घेऊन निघताना त्यांनी सवयीनं बायकोच्या अंथरुणाकडं पाहिलं. उशाशी रोज फोन असायचा. आज तिथं साखरेचा डबा होता, झाकण सैल करून ठेवलेला. फोन पार वर, कपाटावर होता.

त्यांनी तो खाली काढला, सदऱ्याला पुसला आणि तिच्या हाताशी ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," येसूबाई म्हणाल्या. "तुमाला उशीर व्हतोय."