मागणीचं पान

खिडकी कितीही घट्ट लावा, इथे वाळू आत येतेच. आमच्या वाचन मंडळाचे किस्सेही असेच साचत जातात. बसायचं वाचायला आणि पुस्तक राहायचं बाजूला!

दर रविवारी संध्याकाळी दुबईच्या देऱ्यात जोशीकाकूंच्या हॉलमध्ये आम्ही पाच जण जमतो. दोनशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी कादंबरी चालू आहे. मोठाली घरं, नाच, चहा आणि लग्नाच्या मुली. काकूंचा नियम एकच, "आधी इंग्रजीत वाचायचं, मग तेच मराठीत सांगायचं."

मी नववीत शाळा सोडली. रास अल खैमाला टाइल्सच्या गोदामात आहे. इंग्रजी सुधारावं म्हणून आलो. पुढे सावंतकाकांच्या मुलीमुळे, आरतीमुळे येत राहिलो. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आरतीला तर नाहीच!

* * *

पहिल्याच दिवशी नायकाची ओळख झाली.

सावंतकाकांनी विचारलं, "करतो काय हा?"

काकू म्हणाल्या, "काही नाही. जमीन आहे, बंगला आहे, भोवती तळं आहे."

"म्हणजे नोकरी नाही?"

"नाही."

"मग व्हिसा कुणावर आहे?"

सगळे हसले. माझा व्हिसा गोदामावर होता, नोकरी गेली की तोही जाणार.

* * *

नाचाचं प्रकरण आलं, तेव्हा हमीदभाईंनी हात वर केला. ते रत्नागिरीचे, मसाल्याचं दुकान आहे त्यांचं.

"थांबा हां. अनोळखी पोरगा आला, मुलीचा हात धरून नाचायला लागला. आणि बाप?"

"शेजारच्या खोलीत पत्ते खेळतोय," काकू म्हणाल्या.

हमीदभाईंनी चहाचा घोट घेतला. मग हळूच म्हणाले, "जिंकला का तरी?"

* * *

एकदा नायिकेने चांगल्या कमावत्या माणसाला नकार दिला. काकू भडकल्याच! "असं स्थळ परत येणारे का?"

आरती म्हणाली, "बट काकू, शी डझन्ट लाइक हिम!" ती इथेच वाढलेली, उत्तर नेहमी इंग्रजीत.

"लाइकचं काय घेऊन बसलीस? ते नंतर होतं."

सावंतकाका लगेच म्हणाले, "हेच समजवा हिला. पुढच्या महिन्यात अबुधाबीचा इंजिनिअर येतोय हिला बघायला."

माझा चहा सांडला. अर्धा बशीत, अर्धा पँटवर.

हमीदभाई ओरडले, "यल्ला, लवकर फडकं आणा कुणीतरी! बघायला येतायत हिला, आणि थरथरतोय हा!"

* * *

इंजिनिअर यायच्या आदल्या रविवारी नेमकं लग्नाच्या मागणीचं पान आलं. काकू मला म्हणाल्या, "नायक तू वाच. नायिका आरती."

बसमध्ये दोन तास मी तेवढंच पान घोकत आलो होतो. इंग्रजी कसंबसं पार पडलं. तळहाताच्या घामाने पानाचा कोपरा ओला झाला.

"आता मराठीत," काकू म्हणाल्या.

मी सुरुवात केली, "बाईसाहेब, आज मला बोलायलाच हवं." तिथपर्यंत पुस्तकातलंच होतं. मग अक्षरं दिसेनाशी झाली. "मला नीट बोलता येत नाही. शिक्षण कमी आहे. गोदामात बढती मिळेल, इन्शाल्ला. पण तुम्ही दुसऱ्या कुणाला हो म्हणायच्या आधी..."

काकूंचा कप ओठांपाशीच थांबला होता.

सावंतकाकांनी चष्मा लावला. आरतीच्या हातातलं पुस्तक ओढलं आणि ओळींवरून बोट फिरवू लागले. "गोदाम? हे कुठे लिहिलंय?"

आरतीने पुस्तक त्यांच्याकडून काढून घेतलं आणि मिटलं.

"इट्स देअर, बाबा. लेट हिम फिनिश."